सकाळचा चहा आणि सासूबाईंचा खुबा

सासूबाई गोठ्यात पडल्या तेव्हा त्यांनी आधी कलंडलेली शेणाची पाटी सरळ केली आणि मग मला हाक मारली. मी गेले तेव्हा पाटी जागेवर होती, म्हैस जागेवर होती आणि सासूबाई गव्हाणीला टेकून बसल्या होत्या. उजवा पाय तेवढा भलत्याच बाजूला वळलेला होता. मोडलंय काहीतरी, हलवू नकोस, असं त्यांनी मला शांतपणे सांगितलं. मी निवृत्त होईपर्यंत कराडच्या शाळेत विज्ञान शिकवलं, मानवी सांगाडा फळ्यावर खडूनं काढून दाखवला. तरी मी त्यांना म्हटलं की मुका मार असेल, तेल लावून शेकू. मिरजेच्या दवाखान्यात फोटो काढल्यावर त्यांचंच बरोबर निघालं.

डॉक्टर तरुण होते आणि समजावून सांगायची त्यांना हौस होती. खुब्याच्या हाडाचा गोळा खालच्या निमुळत्या मानेपाशी तुटलाय, तो काढून नवा बसवायचा, तो ज्या वाटीत फिरतो ती वाटीही नवी घालायची, दुसऱ्या दिवशी आजींना उभं करायचं. नाही केलं तर उरलेलं आयुष्य अंथरुणात. त्यांच्या टेबलावर प्लास्टिकचा खुबा होता. सासूबाईंनी तो स्ट्रेचरवर पडल्या पडल्या हातात घेतला, उलटसुलट केला, गोळा वाटीत फिरवून बघितला. बाजारात कुलूप घेताना त्या असंच करतात. मग विचारलं, हे टिकतं किती?

डॉक्टर म्हणाले, म्हाताऱ्या बायकांची हाडं विरळ झालेली असतात, त्यामुळं सांधा हळूहळू ढिला पडायची भीती असते. पण नीट बसला आणि नीट वापरला तर पंधरा-वीस वर्षंही जातो. सासूबाई तेव्हा ऐंशीला टेकल्या होत्या. म्हणजे मी गेल्यावरही तो राहणार, असं त्यांनी विचारलं, आणि डॉक्टर जरा अवघडून हो म्हणाले. सासूबाईंना ते पसंत पडलं. वस्तू माणसापेक्षा जास्त टिकावी असं त्यांचं मत आहे. लग्नातला हंडा त्या अजून वापरतात.

मग डॉक्टरांनी पथ्यं सांगितली. जमिनीवर बसायचं नाही. मांडी नाही, उकिडवं नाही, पाट नाही. बसायचं ते खुर्चीवरच, तीही उंच आणि हातांची. हे आयुष्यभर.

सासूबाईंनी प्लास्टिकचा खुबा डॉक्टरांना परत दिला आणि म्हणाल्या, "मग न्हाई करायचं."

माझ्या नवऱ्याला वाटलं त्या घाबरल्या. तो सैन्यातून निवृत्त झालेला माणूस, त्यानं त्यांना हुकूम सोडून बघितला. डॉक्टरांना वाटलं आपलं समजावणं कमी पडलं, म्हणून त्यांनी पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. अडचण काय आहे ते तिथं फक्त मला कळलं होतं, आणि कळल्याबरोबर माझं डोकं फिरलं होतं.

ती अडचण म्हणजे थोरले मामंजी. माझे सासरे गेले तेव्हा माझा नवरा तिसरीत होता. तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी सकाळी सासऱ्यांचे थोरले भाऊ समोरच्या घरातून गल्ली ओलांडून आले, आमच्या सोप्यातल्या बाकड्यावर बसले आणि चहा मागितला. तेव्हापासून ते रोज आले. पाऊस असो, घरी लग्न असो, स्वतःला ताप असो. या घराच्या पाठीमागं माणूस आहे हे गल्लीला दिसावं, एवढ्यासाठी. असं त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण गल्लीला ते बरोबर दिसलं.

ते सोप्यात बाकड्यावर, आणि सासूबाई माजघराच्या उंबऱ्याआड जमिनीवर. पदर कपाळापर्यंत, अंग निम्मं भिंतीकडं. थोरल्या दिरापुढं धाकट्या भावजयीनं बरोबरीला बसायचं नाही, आणि थेट बोलायचं तर नाहीच. त्यामुळं मामंजी हातातल्या चहाच्या बशीशी बोलायचे. आज पाण्याची पाळी आपली आहे, असं ते बशीला सांगायचे. माणूस लावलाय, असं सासूबाई भिंतीला सांगायच्या. या पद्धतीनं त्या दोघांनी उसाच्या कितीतरी लावणी-तोडणी पार पाडल्या, माझ्या नवऱ्याला भरतीला पाठवलं, माझ्या नणंदेचं लग्न केलं आणि मला पसंत केलं. मी नवी सून म्हणून आले तेव्हा बशी आणि भिंत दोन्ही कामं माझ्याकडं आली. "सूनबाई, त्यास्नी म्हणावं," असं एकानं सुरू करायचं, ते दुसऱ्यानं ऐकायचं, आणि मी मध्ये उभं राहून मान हलवायची. दोघांत अंतर असेल चार हातांचं. दोघांचेही कान तेव्हा शाबूत होते. हा काय वेडेपणा, असं मी सुट्टीवर आलेल्या नवऱ्याला म्हटलं, तर तो म्हणाला, ड्यूटी आहे, कर.

पुढं गल्लीतल्या सगळ्या बायकांनी हे सोडलं. खुद्द मामंजींच्या सुना त्यांच्यासमोर सोफ्यावर पाय वर घेऊन मोबाइल बघतात. सासूबाईही खुर्चीवर बसत नाहीत असं नाही. बँकेत साहेबापुढं बसतात, मतं मागायला आलेल्या पुढाऱ्यापुढं तर ऐसपैस बसतात. फक्त मामंजी आले की जमिनीवर. मी एकदा चिडून कारण विचारलं होतं. त्या ज्वारी पाखडत होत्या. पाखडता पाखडता म्हणाल्या, "त्यो मानूस रोज आला, म्हणून मला कुनी कवा वाकडं बोललं न्हाई. त्येच्यापुढं वर बसून काय मिळवू?"

तर आता असं झालं होतं. सांधा बदलला तर त्या परत चालणार, पण खाली बसता येणार नाही. खाली बसता आलं नाही तर मामंजी आल्यावर त्यांनी आत निघून जायचं. म्हणजे सकाळचा चहा संपला. आणि सांधा नाही बदलला तर त्या आयुष्यभर आडव्या, पण मामंजींपुढं वर बसायचं पाप तरी नाही. सासूबाईंनी हे दोन्ही तोलून बघितलं होतं आणि अंथरूण निवडलं होतं.

डॉक्टर म्हणाले, त्या गृहस्थांनाच विचारून बघा ना. फोन करा. सासूबाईंनी तोंड फिरवलं. अशी गोष्ट फोनवर विचारतात का, असं त्या तोंड फिरवण्यातच होतं. शिवाय मामंजी फोन कानाला न लावता तोंडासमोर धरतात आणि ऐकू येत नाही म्हणून ठेवून देतात. डॉक्टरांना उशीर करायचा नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं मी गावी गेले. वाटेत मी मामंजींना सुनवायची वाक्यं जुळवत होते. एकविसावं शतक हा शब्द त्यांत दोनदा होता.

मामंजी त्यांच्या स्वतःच्या सोप्यात बसले होते. सासूबाई दवाखान्यात गेल्यापासून त्यांनी चहा घेतलेला नाही, असं त्यांच्या सुनेनं मला दारातच सांगितलं. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. खुबा, वाटी, गोळा, खुर्ची. त्यांनी मध्ये एकच विचारलं, दुखतंय का तिला? मी म्हटलं, लय. त्यांनी गल्लीपलीकडं आमच्या दाराकडं बघितलं. मग म्हणाले, "बसू दे खुर्चीवर. मी सांगितलंय म्हणून सांग."

एकविसावं शतक माझ्या तोंडातच राहिलं. मी दुपारपर्यंत मिरजेला परत आले आणि निरोप दिला. सासूबाईंनी त्यांचे नेमके शब्द काय होते ते मला पुन्हा म्हणायला लावलं. मग डॉक्टरांना सांगितलं, करा.

ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी त्या वॉकर धरून उभ्या राहिल्या आणि शेजारच्या कॉटवरची बाई कण्हत होती तिला त्यांनी धीर दिला. घरी आल्या तेव्हा नवऱ्यानं कुपवाडच्या एका ओळखीच्या कारखान्यातून लोखंडी खुर्ची करून आणली होती, उंच, हातांची, रणगाड्याचं वजन. ती आम्ही माजघराच्या उंबऱ्याआड ठेवली. सासूबाईंनी सकाळी लवकर आवरलं, पदर कपाळापर्यंत घेतला आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या, जेवढं कमी बसता येईल तेवढं. चहा उकळत ठेवला होता.

मामंजी आले नाहीत.

दुसऱ्या दिवशीही नाहीत. बरं नसेल म्हणून मी गेले, तर ते ठणठणीत होते आणि त्यांच्या सोप्यात एकटेच चहा पीत होते. का आला नाहीत विचारल्यावर त्यांनी मला जवळ बोलावून, मी जरा मंद असल्यासारखं, समजावून सांगितलं. तोंडानं बस म्हटलं तरी अंगाची सवय जात नाही. मी दारात दिसलो की ती उठणार. उठता-बसता नवा खुबा निखळला तर? त्यापेक्षा मी आलोच नाही म्हणजे ती निवांत खुर्चीवर बसेल. "तिला म्हणावं, आता सुखानं बस," असं त्यांनी सांगितलं आणि या तोडग्यावर ते फार खूश दिसले.

मला त्या माणसाचा राग आला, पण त्यांच्या म्हणण्यात चूक सापडेना. मी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं केलं त्यांनी. आणि खुर्चीच्या कडेवरून मागं सरून पाठ टेकली.

मग त्या सुखानं बसल्या. वर्षभर बसल्या. मामंजी रोज कुणाला तरी पाठवून खुबा कसा आहे ते विचारत आणि त्या रोज बरा आहे म्हणून कळवत. चहा त्या निम्मा कप घ्यायला लागल्या. पाण्याची पाळी, तोड, खत यांचे निर्णय माझा नवरा घरात बसून फोनवरून घ्यायला लागला, आणि ते चुकले तरी सासूबाई काही बोलत नसत. एवढ्यावरून मला कळायला हवं होतं, पण मी गोळ्या वेळेवर देण्यात गुंतले होते. मला वाटायचं, बाई चालत्याबोलत्या झाल्या, आता आणखी काय पाहिजे.

वर्षानं मिरजेला दाखवायला गेलो. डॉक्टरांनी फोटो उजेडापुढं धरला आणि खूश झाले. सांधा बसवला होता तिथून हललाच नव्हता. पण मांडी त्यांनी हातानं चाचपली आणि चेहरा बदलला. आजी, तुम्ही चालत नाही. मी म्हटलं, घरातल्या घरात चालतात. ते म्हणाले, तेवढ्यानं भागत नाही. हाडावर भार पडला नाही तर ते आणखी विरळ होतं, आणि हाड विरळ झालं की सांधा कितीही चांगला असला तरी धरून ठेवायला काही राहत नाही. रोज घराबाहेर कुठंतरी जाऊन यायचं. सासूबाईंनी ऐकून घेतलं. उठताना डॉक्टरांना विचारलं, आणि उभं राहिलं तर चालेल? डॉक्टर म्हणाले, हवं तितकं उभं राहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ठेवणीतलं लुगडं काढलं. काठी घेतली, मला सोबत घेतलं आणि गल्ली ओलांडली. इतक्या वर्षांत सकाळच्या वेळी त्या घरात त्या कधी गेल्या नव्हत्या. येणारे नेहमी ते. मामंजी बाकड्यावर होते, हातात बशी. सासूबाई आत आल्या, माजघराच्या दाराची चौकट एका हातानं धरली, पदर कपाळापर्यंत ओढला, अंग निम्मं भिंतीकडं केलं आणि चौकटीला म्हणाल्या, "तोड कवा यायची म्हणावं?"

मामंजींनी बशी खाली ठेवली. परत उचलली. "म्हयनाभर हाय अजून," असं बशीला सांगितलं.

त्यांच्या सुनेनं घाईघाईनं खुर्ची आणली. सासूबाईंनी ती हातानं बाजूला करायला लावली. खाली बसता येत नाही, वर बसल्यावर काय होतं ते वर्षभर बघून झालं होतं, पण उभं राहायला डॉक्टरांनी परवानगी दिली होती. खुर्ची रिकामी राहिली म्हणून मी बसले.

तेव्हापासून सासूबाई रोज गेल्या. मामंजींचा चहा म्हणजे पूर्वी अर्धी सकाळ जायची. बशीत ओतायचा, फुंकायचा, तोडीचा विषय झाला की घोट, पाण्याचा झाला की घोट. आता समोर भावजय नव्या खुब्यावर उभी. तिला बस म्हणायची सोय नाही आणि तिला येऊ नको म्हणायचा धीर आता त्यांच्यात नव्हता. म्हणून ते कढत चहा दोन घोटांत संपवायला लागले. आठवड्याभरात त्यांची जीभ पोळून तोंड आलं. त्यांच्या सुनेनं मग त्यांना कोमट चहा द्यायला सुरुवात केली. कोमट चहाचा त्या माणसाला मनापासून तिटकारा होता. पण तो ते मुकाट्यानं प्यायचे आणि झाला माझा चहा, म्हणावं, असं बशीला सांगायचे. सासूबाईंना ती चलाखी कळली होती. त्या नेमक्या त्याच वेळी नवा विषय काढायच्या. अमक्याची म्हैस व्यायली का, तमक्याच्या मुलाचं जमलं का. मामंजींना उत्तर द्यावंच लागायचं. मी त्या खुर्चीवर बसून हे बरीच वर्षं बघितलं आणि मला ते बघायला आवडायला लागलं. सुरुवातीला मी मोबाइल बघत असे, पुढं नेणं सोडलं.

दर वर्षी मिरजेला फोटो निघत होता. डॉक्टर जुने-नवे फोटो शेजारी शेजारी लावायचे आणि बोटानं दाखवायचे, हाड आणि सांधा यांच्यात बारीक फटसुद्धा नाही. एकदा त्यांनी शिकाऊ डॉक्टरांना बोलावून आणलं. या वयाच्या बाईचा सांधा इतका घट्ट राहणं म्हणजे काय, ते त्यांना सांगितलं. मग माझ्याकडं वळून विचारलं, या व्यायाम कोणता करतात? मी म्हटलं, दिरापुढं उभ्या राहतात. त्यांना ते विनोदानं बोलल्यासारखं वाटलं.

गेल्या थंडीत मामंजींनी अंथरूण धरलं. विशेष काही झालं नव्हतं, वय झालं होतं. बाकडं रिकामं झालं तशा सासूबाई आतल्या खोलीत जाऊ लागल्या आणि कॉटच्या पायथ्याशी लोखंडी बार धरून उभ्या राहू लागल्या. बशी धरायला मामंजींचे हात राहिले नव्हते. सून चमच्यानं चहा पाजायची. घाईनं पिणं आता त्यांना जमत नव्हतं, त्यामुळं सासूबाईंना फार वेळ उभं राहावं लागायचं. मी एकदा खुर्ची पुढं केली तर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी ती परत नेली.

एका सकाळी मामंजींनी चमचा हातानं बाजूला केला आणि म्हणाले, बस. सासूबाईंनी मागं वळून बघितलं, कुणाला म्हणताहेत म्हणून. मागं कुणी नव्हतं.

"तुला म्हनतोय," मामंजी म्हणाले. सासूबाईंच्या तोंडाकडं बघून, मध्ये कुणाला न घेता. "बस आता. लय उभी ऱ्हायलीस."

मी खुर्ची नेली. सासूबाई बसल्या, कडेवर नाही, पूर्ण. थोडा वेळ त्या गुडघ्यांकडं बघत राहिल्या. मग मान वर केली आणि थेट मामंजींनाच विचारलं, "च्या गार झालाय. दुसरा आनाय लावू?"

असू दे, असं मामंजी म्हणाले.

त्यानंतर थोडेच दिवस मिळाले. त्या दिवसांत सासूबाई रोज कॉटशेजारी खुर्चीवर बसायच्या. बोलणं फारसं व्हायचं नाही. इतकी वर्षं बशीशी आणि भिंतीशी बोलून झाल्यावर एकमेकांना सांगण्यासारखं त्यांच्याकडं काय उरलं असणार, किंवा सगळंच उरलं असेल. मी त्या खोलीत थांबत नसे. मामंजी गेले तेव्हा सासूबाई शांत होत्या. आलेल्या-गेलेल्यांचं बघत होत्या, कुणी जेवलं नाही त्याला जेवू घालत होत्या. पै-पाहुण्यांना वाटलं, म्हातारीचं मन घट्ट आहे.

या वर्षी फोटो काढायला जायला त्या तयार नव्हत्या. मी बळंच नेलं. डॉक्टरांचे आता केस पांढरे व्हायला लागलेत. त्यांनी फोटो उजेडापुढं धरला आणि नेहमीसारखे खूश झाले. सासूबाई काठी टेकून त्यांच्यासमोर उभ्या होत्या.

"आजी, हा अजून दहा वर्षं जागचा हलत नाही," डॉक्टर म्हणाले. "रोज उभ्या राहता ना अजून?"

सासूबाई फोटोकडं बघत होत्या. हाडं करडी दिसत होती आणि त्यांच्या मधोमध तो पांढराशुभ्र सांधा.

"दहा वर्सं," त्या म्हणाल्या. "आता कुनापुढं उभी ऱ्हाऊ?"

गोळी जेवणाआधी की नंतर असं विचारावं तसं त्यांनी विचारलं होतं. त्यांना उत्तर हवं होतं. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं, मी खिडकीकडं. मग डॉक्टरांनी उठून स्वतःची खुर्ची फिरवून सासूबाईंच्या मागं आणली आणि म्हणाले, "बसा, आजी."

सासूबाई बसल्या. पदर कपाळापर्यंत ओढला आणि रडायला लागल्या. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना रडताना कधी बघितलं नव्हतं.